१.३५ व्होल्टचा हट्ट

दुरुस्तीला कॅमेरा आला की तो उघडण्याआधी मी त्याचं साल काढतो. गिऱ्हाईक म्हणतं, 'मीटर मेलाय.' कशाने मेला, ते बरंचसं जन्मसालावर ठरतं.

उजेड मोजणारे जुने बहुतेक मीटर सेलेनियमचे. समुद्राखालच्या तारांची चाचणी घेताना मोठा रोध हवा म्हणून विलोबी स्मिथने सेलेनियमच्या कांड्या वापरल्या, तर त्यांचा रोध स्थिर राहीना. उजेड पडला की घटायचा. हे त्याने १८७३ मध्ये जाहीर केलं. म्हणजे आमच्या धंद्याचं मूळच एका बिघाडाच्या तपासात! १९३२ मध्ये वेस्टनचा हातात धरायचा मीटर आला, १९३५ च्या कॉन्टाफ्लेक्समध्ये मीटर थेट कॅमेऱ्यातच बसला. बॅटरी नको, उजेडच वीज देतो. मात्र ओल शिरली की सेलेनियम थकतं. १९६७ चा ऑलिंपस ट्रिप ३५ सेलेनियमवरच चालतो. 'ए'वर, म्हणजे ऑटोवर, ठेवूनही भर उन्हात 'उजेड कमी' सांगणारी तांबडी पट्टी वर येत असेल, तर मी आधी सेलेनियमवरच संशय घेतो.

साठच्या दशकात कॅडमियम सल्फाइड आलं. अंधुक उजेडातही चालणारं, पण बॅटरी मागणारं. ती बॅटरी पाऱ्याची, पीएक्स ६२५. सॅम्युअल रुबेनने दुसऱ्या महायुद्धाच्या काळात घडवलेला पाऱ्याचा सेल संपत येईपर्यंत १.३५ व्होल्ट जवळपास तसाच देतो. मग बऱ्याच कंपन्यांनी व्होल्टेज आवरणारं सर्किट घातलंच नाही. मला तो कंजूसपणा वाटतो. पाऱ्याच्या विषामुळे अमेरिकेने १९९६ च्या कायद्याने हे सेल बंद केले, पुढे इतरांनीही. आता त्या जागी दीड व्होल्टचा अल्कलाइन बसतो; काटा जास्त उजेड दाखवतो, निगेटिव्ह पातळ येते. शिवाय सेल उतरेल तसा काटाही सरकतो. यात मीटरचा दोष काय?

मी कानाच्या मशीनचा ६७५ नंबरचा झिंक-एअर सेल घालतो, भोवती रबराची रिंग. सुमारे १.४ व्होल्ट मिळतात, काटा ताळ्यावर येतो. हवा लागली की हा सेल काही आठवड्यांत संपतो, हे आधीच सांगावं लागतं. १९६४ च्या पेंटॅक्स स्पॉटमॅटिकला ही यातायात नाही. त्यात ब्रिज सर्किट आहे, दीड व्होल्टनेही काटा फसत नाही. तिथे चुकीचं माप आलं तर मात्र मी स्क्रूड्रायव्हर उचलतो.