शिवछत्रपतींचें अखेरचें दुखणें : जंतुशास्त्राच्या कसोटीवर

शके १६०२ चैत्र शुद्ध पौर्णिमेस, म्हणजे ३ एप्रिल १६८० रोजीं, शिवछत्रपति रायगडावर कैलासवासी झाले. दुखणें कोणतें होतें, याविषयीं मात्र साधनांत एकवाक्यता नाहीं. त्यांतील एखादा शब्द उचलून ‘अमुक जंतूचा रोग झाला’ असें ठासून सांगणें कितपत ग्राह्य आहे, एवढेंच येथें पाहावयाचें आहे.

सभासदानें ज्वर सांगितला आहे. पण त्याची बखर पुढें राजारामांच्या कारकीर्दींत जिंजीस लिहिली गेली. मुंबईकर इंग्रजांच्या २८ एप्रिल १६८० च्या पत्रांत रक्तातिसार व बारा दिवसांचें दुखणें, अशी वार्ता आहे. हें पत्र काळानें जवळचें खरें. तथापि ती मुंबईस पोचलेली ऐकीव बातमी होय, वैद्याचें टिपण नव्हे. ग्रांट डफनें १८२६ सालीं छापलेल्या इतिहासांत गुडघ्यास सूज, मग तीव्र ज्वर व सातवे दिवशीं अंत, असा क्रम दिला आहे. विषप्रयोगाची वदंता निराळीच.

आतां रक्तातिसारच खरा मानला, तरी तें लक्षणाचें नांव आहे, कारणाचें नव्हे. १८७५ सालीं लेश यांनीं सेंट पीटर्सबर्ग येथें अशा रोग्याच्या मळांत अमीबा पाहिला. १८९७ सालीं जपानांत शिगा यांस त्याच लक्षणाच्या रोग्यांत निराळा दंडाकृति जंतु सांपडला. पहिला ताज्या मळांत, रक्तपेशी गिळून सरकत असतां, सूक्ष्मदर्शकानें ओळखतां येतो. दुसऱ्यास पोषक द्रव्यावर वाढवून त्याचे गुणधर्म तपासावे लागतात. रोगी समोर असतांही जें तपासणीवांचून ठरत नाहीं, तें एका शब्दावरून कसें ठरावें?

येथें एक मोहक तर्क संभवतो. शिगाच्या जंतूनें अतिसार झाल्यावर कांहीं रोग्यांचे सांधे, विशेषतः गुडघा, सुजतो. म्हणजे पत्र व डफ यांचा मेळ बसला! परंतु ही सूज बहुधा अतिसारानंतर एक ते चार आठवड्यांनीं येते. डफच्या कथनांत ती आरंभींच आहे. शिवाय त्यांत अतिसार नाहीं व दिवसही जुळत नाहींत. म्हणून हा तर्क आम्ही सोडून देतों.

याच किनाऱ्यासमोर मुंबईंत सप्टेंबर १८९६ मध्यें डॉ. व्हिएगस यांनीं मांडवींत प्लेग ओळखला, तेव्हां स्थिति वेगळी होती. येर्सिन यांनीं हाँगकाँगांत १८९४ सालींच त्याचा जंतु दाखविला होता. त्यामुळें गांठींतील द्रवाच्या थेंबावरून शंकेचें निरसन करतां येत असे. अलीकडे, २०११ सालीं, लंडनमधील १३४८-४९ च्या दफनभूमींतील दातांवरूनही त्याच जंतूचा छडा लागला. रायगडावर दहन झालें. तो मार्गही बंद आहे.

तेव्हां ‘ज्वरादि दुखण्यानें देहावसान, कारण अनिर्णित’ यापलीकडे आज जातां येत नाहीं, असें आमचें मत आहे. संग्राहकांस आमची विनंति एवढीच कीं, दफ्तरांत दुखण्याचा मजकूर आढळल्यास मूळ शब्द, दिवस व लक्षणांचा क्रम जसाच्या तसा उतरून घ्यावा. जरीमरी, पटकी, मोडशी यांपुढें कंसांत आजच्या रोगाचें नांव घालूं नये. पुढील वाचक त्या कंसासच पुरावा समजतो.