बयाणा, ईजाब-कबूल आणि व्हिएन्नाचा करार

सौदा ठरला की आपण ‘बयाणा’ देतो. मुळात अरबी ‘बय’, म्हणजे विक्री. फारसीच्या वाटेने तो शब्द मराठीत आला आणि इथलाच झाला. उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवत असल्याने असे शब्द मला रोज भेटतात. शब्द राहिला, पण ‘बय’चा कायदा कुठे गेला?

पेशवाई १८१८ मध्ये संपली. एल्फिन्स्टनच्या काळात, १८२७ साली, मुंबई इलाख्यासाठी चौथे रेग्युलेशन आले. न्यायाधीशाने आधी सरकारी कायदे पाहायचे, ते नसतील तर मुलखाची वहिवाट, तीही नसेल तर प्रतिवादीचा कायदा, आणि काहीच नसेल तर न्याय, समता व सद्विवेक. आता समजा, रविवार पेठेत एका हिंदू व्यापाऱ्याने मुसलमान व्यापाऱ्यावर मालाचा दावा लावला आणि वहिवाट सापडली नाही, तर फिकह लागू. दावा उलटा झाला तर धर्मशास्त्र. सौदा तोच, माल तोच, पण कायदा कोण आधी कोर्टात गेला यावर! आज दोन देशांतल्या व्यापाऱ्यांना जी अडचण येते, ती तेव्हा एकाच पेठेत येऊ शकत होती.

१८७२ च्या करार कायद्याने हे संपवले. विक्रीचे प्रकरण त्यातच होते; १९३० मध्ये ते काढून इंग्लंडच्या १८९३ च्या कायद्याच्या धर्तीवर वेगळा मालविक्री कायदा झाला. ईजाब-कबूल आता आपल्याला फक्त निकाहात ऐकू येते, फिकहमध्ये मात्र विक्रीही त्यानेच होते. १९३७ च्या शरियत कायद्यात निकाह, तलाक, मेहर, हिबा, वक्फ आहेत, खरेदी-विक्री नाही. शरियतवर एवढे वाद घालणारे आपण, मुआमलातचा हा मोठा भाग गेल्याची हळहळ मी क्वचितच ऐकली. मला वाटते, बाजाराला दोघांनाही आधीपासून ठाऊक असलेला नियम हवा असतो, म्हणून.

योगायोग असा की, त्याच सुमारास, १८६९ ते १८७६ मध्ये, उस्मानी सल्तनतीने हनफी फिकहवरून ‘मजल्ला’ रचला. त्याचे पहिलेच पुस्तक विक्रीचे. सल्तनत गेल्यावरही तो इराक, जॉर्डनमध्ये कित्येक वर्षे चालला. आपला १९३० चा कायदाही फाळणीनंतर पाकिस्तानात आणि पुढे बांगलादेशात राहिला. सरहद्दी ओलांडणारे हे दोन्ही कायदे साम्राज्यांनी दिलेले. व्यापाऱ्याला कुणी विचारले नव्हते.

१९८० मध्ये व्हिएन्नात देशांनी बसून मालविक्रीचा आंतरराष्ट्रीय करार केला. तो १९८८ पासून अमलात आला. पहिल्या अकरा देशांत इजिप्त आणि सीरियाही होते. थकलेल्या रकमेवर व्याज हा तिथे मोठा तंटा होता. शेवटी कलम ७८ मध्ये व्याजाचा हक्क लिहिला, दर मात्र लिहिलाच नाही. रिबा हराम मानणारे आणि न मानणारे, दोघेही त्याच कागदाखाली सही करू शकले. (वकिलांना हे कलम अर्धवट वाटते. मला त्यातली समजूत आवडते.) सौदी अरेबियाही २०२३ मध्ये सामील झाला.

भारत अजून बाहेर आहे. पण नाशिकची द्राक्षे नेदरलँड्सला जातात आणि तो देश सदस्य आहे. सौद्यात डच कायदा लागू असे लिहिले आणि व्हिएन्ना करार वगळला नाही, तर आपल्या निर्यातदाराला तो लागू होऊ शकतो, भारताची सही नसतानाही. त्यात खरेदीदाराने माल लवकर तपासून खोट वाजवी मुदतीत कळवायची असते. नाही कळवली तर साधारणपणे तक्रारीचा हक्कच जातो. आपल्या कायद्यात माल ठेवून घेतला तर परत करता येत नाही, पण नुकसानभरपाई मागता येते. म्हणजे द्राक्षे पाठवणाऱ्यासाठी व्हिएन्नाचा नियम जास्त सोयीचा. नाशवंत माल समुद्रमार्गे पाठवणाऱ्या महाराष्ट्राने तरी दिल्लीला विचारायला हवे की, चाळीस वर्षे उलटून गेली, सही कशासाठी अडली आहे?