रेल्वेची मोटार

माझी मावसबहीण इंग्लंडला असते. मागे एकदा तिचा फोन आला, "अरे, आज दिवसभर जुन्या बसमधून हिंडले!"

तिकडे विल्टशायरमध्ये इंबर नावाचं गाव आहे. १९४३ साली लष्कराने सरावासाठी ते रिकामं करून घेतलं, ते कायमचंच. २००९ पासून उन्हाळ्यातला एक दिवस वॉर्मिन्स्टर स्टेशनवरून लंडनच्या जुन्या दुमजली बस तिथे सोडतात. जपलेल्या, पण चालत्या. कंडक्टर असतो, तिकीट मिळतं. सगळं सांगून झाल्यावर ती म्हणाली, "आजोबा हवे होते रे."

आमचं आजोळ बीडचं. आजोबा जुन्या बसगाड्यांना 'रेल्वेची मोटार' म्हणायचे. आम्ही भावंडं खो खो हसायचो. बीडला रुळाचा पत्ता नाही आणि म्हणे रेल्वेची मोटार! तेही हसायचे आणि गप्प बसायचे.

ते गेल्यावर पुष्कळ वर्षांनी कळलं की चूक आमची होती. बीड तेव्हा निजामाच्या राज्यात. जून १९३२ मध्ये निजामाच्या सरकारी रेल्वेनेच रस्ता वाहतूक खातं काढलं. सुरुवातीला २७ बस आणि १६६ माणसं. गाड्या स्कॉटलंडच्या अल्बियन कंपनीच्या. नंबरात 'झेड' हे अक्षर असायचं. निजामाच्या आईचं, झेहरा बेगमचं, ते आद्याक्षर असं सांगतात.

आपण एसटीचा वाढदिवस १ जूनला धरतो. १ जून १९४८ ला नगरहून पुण्याला पहिली बेडफर्ड सुटली. किसन राऊत चालक, लक्ष्मण केवटे वाहक. खरंच अभिमानाची गोष्ट. पण त्या दिवशी नगरला लागून असलेला आपला आष्टी तालुकासुद्धा दुसऱ्या राज्यात होता. निजामाची राजवट संपली १७ सप्टेंबरला. १९५६ ला मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि १९६१ साली इथली एसटी महाराष्ट्राच्या महामंडळात मिसळली. लालपरी आपलीच, पण बीडकरांच्या प्रवासाची गोष्ट तिच्याही आधी सुरू होते.

१९३२ ची एक अल्बियन हैदराबादच्या बस भवनात जपून ठेवली आहे. मी ती पाहिली. इवलीशी गाडी. बराच वेळ तिच्यासमोर उभा राहिलो. वाटलं, चढून बसावं, इंजिन सुरू व्हावं, आणि शेजारच्या बाकावर आजोबा असावेत. पण उभ्या गाडीला आवाज नसतो, धूळ नसते, हादरे नसतात. आजोबांना आठवत होतं ते हेच तर असणार!

१७ सप्टेंबर २०२५ ला बीड शहरातून नगरला पहिली प्रवासी रेल्वे सुटली. म्हणजे रेल्वेच्या मोटारी निघाल्या त्याला त्र्याण्णव वर्षं होऊन गेल्यावर रेल्वे. त्या दिवशी आजोबांची फार आठवण झाली. हसायला आता त्यांची पाळी होती.

वर्षातून एक दिवस नगरहून कडा-आष्टीमार्गे बीडला एखादी जुनी गाडी सोडायला काय हरकत आहे? निदान लाकडी बाकांची एसटी तरी. गाडी मिळेल न मिळेल, पण तिच्यात बसलेली माणसं घरोघर अजून थोडीफार आहेत. त्यांना आत्ताच विचारून घ्या. आम्ही नुसते हसलो, विचारायचं राहूनच गेलं.