कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, २००५

कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, २००५ (२००५ चा अधिनियम क्रमांक ४३) हा घरातील हिंसेला तोंड देणाऱ्या स्त्रियांना दिवाणी स्वरूपाचे संरक्षण देणारा भारतीय संसदेचा कायदा आहे. १३ सप्टेंबर २००५ रोजी त्यास राष्ट्रपतींची संमती मिळाली आणि २६ ऑक्टोबर २००६ पासून तो अंमलात आला. दोषी व्यक्तीस शिक्षा करण्यापेक्षा पीडित स्त्रीची हिंसेपासून तातडीने सुटका करणे आणि तिचा निवारा व उदरनिर्वाह सुरक्षित ठेवणे, हा त्याचा मुख्य हेतू आहे.

पार्श्वभूमी

१९८३ मध्ये भारतीय दंड संहितेत कलम ४९८-अ घालण्यात आले व पती किंवा त्याच्या नातेवाइकांनी केलेली क्रूरता हा गुन्हा ठरला. मात्र हे कलम विवाहित स्त्रीपुरतेच होते; भावाचा मार खाणारी बहीण किंवा मुलाकडून छळली जाणारी आई त्याच्या कक्षेत येत नव्हती. शिवाय फिर्याद नोंदवल्यावर त्या रात्री स्त्रीने राहावे कोठे, या प्रश्नाला फौजदारी कायद्यात उत्तर नव्हते. तक्रार करणे म्हणजे घर गमावणे, असेच समीकरण बहुतेकींच्या बाबतीत होते.

२००२ मध्ये केंद्र सरकारने लोकसभेत मांडलेल्या विधेयकात ‘सवयीने’ केलेली मारहाण हा हिंसेचा एक निकष होता, तसेच स्वतःच्या वा मालमत्तेच्या रक्षणार्थ केलेल्या कृतीला सूट होती. स्त्री संघटनांनी त्यास तीव्र विरोध केला. इंदिरा जयसिंग यांच्या ‘लॉयर्स कलेक्टिव्ह’ने तयार केलेल्या पर्यायी मसुद्याचा प्रभाव अंतिम कायद्यावर स्पष्ट दिसतो.

व्याप्ती

कलम ३ नुसार शारीरिक, लैंगिक, शाब्दिक व भावनिक तसेच आर्थिक छळ हे सर्व हिंसाचारात मोडते. घरखर्चाचे पैसे रोखणे किंवा स्त्रीधन परस्पर विकून टाकणे हाही हिंसाचारच होय. रक्ताच्या, विवाहाच्या, दत्तकाच्या वा एकत्र कुटुंबाच्या नात्याने, तसेच विवाहसदृश संबंधात एका घरात राहणारी वा राहिलेली कोणतीही स्त्री दाद मागू शकते.

मूळ कायद्यात उत्तरवादी हा ‘प्रौढ पुरुष’च असावा, अशी अट होती. मुंबईतील एका आई-मुलीच्या तक्रारीतून उद्भवलेल्या हरसोरा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये हे शब्द घटनाबाह्य ठरवून वगळले.

घरात राहण्याचा हक्क

कायद्याचा गाभा कलम १७ मध्ये आहे. मालकी कोणाचीही असो, सामायिक घरात राहण्याचा हक्क स्त्रीला आहे व कायदेशीर मार्गाखेरीज तिला तेथून बाहेर काढता येत नाही. कलम १९ खाली न्यायदंडाधिकारी उत्तरवादीलाच घराबाहेर जाण्याचा, किंवा तिच्यासाठी तशाच दर्जाच्या पर्यायी घराची सोय करण्याचा आदेश देऊ शकतात. घराबाहेर जाण्याचा आदेश मात्र कोणत्याही स्त्रीविरुद्ध देता येत नाही.

कायदा लागू होऊन दोन महिनेही उलटले नव्हते, तोच डिसेंबर २००६ मध्ये बत्रा खटल्याच्या निकालाने हा हक्क आक्रसला. पतीच्या मालकीचे, त्याने भाड्याने घेतलेले किंवा तो सदस्य असलेल्या एकत्र कुटुंबाचे घर तेवढेच ‘सामायिक’, असा अर्थ सर्वोच्च न्यायालयाने लावला. घर सासूच्या नावावर असले की सुनेचा दावा संपला. लग्नानंतर सासू-सासऱ्यांच्या घरात राहण्याची रीत असलेल्या समाजात या अर्थाचा फटका नेमका कोणाला बसणार, हे उघड होते.

ही स्थिती जवळजवळ चौदा वर्षे टिकली. १५ ऑक्टोबर २०२० रोजी आहुजा खटल्यात तीन न्यायाधीशांच्या पीठाने बत्रा निकाल चुकीचा ठरवला. सासऱ्याच्या मालकीचे घरही सामायिक असू शकते. मात्र तेथील वास्तव्य तात्पुरते नसावे आणि वृद्ध सासू-सासऱ्यांच्या शांततेचाही विचार व्हावा, असे न्यायालयाने म्हटले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये, ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या २००७ च्या कायद्याचा आधार घेऊन सुनेचा हा हक्क सरसकट डावलता येणार नाही, असा निर्णय वनिता खटल्यात झाला.

कार्यपद्धती

पीडित स्त्री, तिच्या वतीने अन्य कोणी किंवा संरक्षण अधिकारी न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करू शकतात. स्त्री तात्पुरती जेथे राहते, उदाहरणार्थ माहेरी, तेथील न्यायालयातही अर्ज चालतो. पहिली सुनावणी साधारणतः तीन दिवसांत ठेवावी व त्यानंतर साठ दिवसांत अर्ज निकाली काढण्याचा प्रयत्न करावा, असे कायदा सांगतो; प्रत्यक्षात ही मुदत क्वचितच पाळली जाते. त्यामुळे कलम २३ खालील अंतरिम व एकतर्फी आदेशांना विशेष महत्त्व आहे. संरक्षण आदेशाचा भंग हा दखलपात्र व अजामीनपात्र गुन्हा असून त्यास एक वर्षापर्यंत कैद, वीस हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

अंमलबजावणी

घटनेचा अहवाल तयार करणे, वैद्यकीय मदत व निवारा मिळवून देणे, आदेशाचे पालन होते की नाही ते पाहणे, ही कामे संरक्षण अधिकाऱ्याची आहेत. अनेक राज्यांनी स्वतंत्र पदे न भरता हे काम अन्य अधिकाऱ्यांकडे अतिरिक्त कार्यभार म्हणून सोपवले आणि कायद्याचा हा दुवा कच्चा राहिला. २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला राज्यांना पुन्हा नेमणुकांचे निर्देश द्यावे लागले.

महाराष्ट्रात या कामाला जुनी पार्श्वभूमी आहे. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने मुंबई पोलिसांच्या सहकार्याने १९८४ मध्येच महिला व मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला होता; पुढे असे कक्ष राज्यात इतरत्रही निघाले.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) भारतातील १८ ते ४९ वयोगटातील विवाहित वा पूर्वविवाहित स्त्रियांपैकी सुमारे २९ टक्के स्त्रियांनी पतीकडून हिंसा अनुभवली होती. शारीरिक वा लैंगिक हिंसा सोसलेल्या स्त्रियांपैकी सुमारे १४ टक्के स्त्रियांनीच कोणाची मदत मागितली होती, आणि तीही बहुतांशी माहेरच्या माणसांकडे.