कबुलीजबाबाचा संकेत : भारतीय दूरचित्रवाणीवरील गुन्हेमालिका आणि पोलिसांचे चित्रण

प्रास्ताविक

दूरचित्रवाणीवरील गुन्हेमालिकांची चर्चा बहुधा दोन अंगांनी होते. एक तर त्या मनोरंजन म्हणून निकालात काढल्या जातात, अथवा बालमनावर होणाऱ्या परिणामांच्या संदर्भात त्यांच्याविषयी चिंता व्यक्त केली जाते. या मालिकांतील प्रकरणाचा शेवट कसा होतो, या वरवर साध्या वाटणाऱ्या प्रश्नाकडे मात्र फारसे लक्ष दिले जात नाही. वास्तविक, भारतीय गुन्हेमालिकेच्या शेवटाचा एक ठरलेला संकेत आहे. संशयिताला घेरले जाते, पुरावे एकामागून एक मांडले जातात, तो क्षणभर नाकारतो आणि मग बोलू लागतो. त्याच्या बोलण्याबरोबर गुन्ह्याचे दृश्य पुन्हा पडद्यावर उलगडते आणि कथा संपते. हा संकेत कोठून आला, खाजगी हेराकडून तो पोलिसांच्या हाती कसा गेला आणि त्या स्थलांतरात काय बदलले, याचा मागोवा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

संकेताचे मूळ

कबुलीजबाबाचा शेवट हे दूरचित्रवाणीचे अपत्य नव्हे. इंग्रजी रहस्यकथेच्या बहराच्या काळात, म्हणजे दोन महायुद्धांच्या दरम्यान, दिवाणखान्यात सर्व संशयितांना एकत्र बसवून हेराने उलगडा करण्याची रीत रूढ झाली. तिच्यात हेर हा सरकारी नोकर नसे. अटक करण्याचा, झडती घेण्याचा अथवा कोठडीत ठेवण्याचा कोणताही अधिकार त्याला नव्हता. त्याच्याजवळ होती ती केवळ बुद्धी. गुन्हेगार त्याच्यापुढे कबुली देतो ती बुद्धीपुढे हार मानून, अशी या प्रकाराची कल्पना होती.

भारतीय दूरचित्रवाणीवर हा संकेत प्रथम रुजला तोही खाजगी हेराच्या रूपातच. १९८५ मध्ये दूरदर्शनवर आलेल्या पंकज पराशर दिग्दर्शित 'करमचंद' या मालिकेतील गाजरे खाणारा, काळा चष्मा लावणारा हेर (पंकज कपूर) आणि त्याची सहायिका किटी (सुश्मिता मुखर्जी) यांनी गुन्हेकथेला विनोदाची जोड दिली. त्यानंतर १९९३ मध्ये बासू चटर्जी यांनी शरदिंदु बंद्योपाध्याय यांच्या कथांवर 'ब्योमकेश बक्षी' ही मालिका केली. रजित कपूर यांनी रंगविलेला हा धोतर नेसणारा बंगाली तरुण स्वतःला हेर म्हणवून घेत नाही, 'सत्यान्वेषी' म्हणवतो. सत्य शोधणे हे त्याचे काम आहे, शिक्षा देणे हे नव्हे. या एका शब्दात भूमिकेची मर्यादा आणि प्रतिष्ठा दोन्ही सामावल्या आहेत.

कायद्याची रेषा

येथे कायद्याचा एक मुद्दा नोंदविणे अगत्याचे आहे, कारण पुढील विवेचन त्यावर आधारलेले आहे. पोलिस अधिकाऱ्यापुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून वापरता येणार नाही, असे भारतीय पुरावा अधिनियम, १८७२ च्या कलम २५ मध्ये स्पष्टपणे म्हटले होते. कलम २६ अन्वये पोलिसांच्या कोठडीत असताना दिलेला कबुलीजबाबही दंडाधिकाऱ्याच्या प्रत्यक्ष उपस्थितीखेरीज ग्राह्य नव्हता. कलम २७ ने एक अपवाद ठेवला. आरोपीच्या सांगण्यावरून एखादी वस्तू अथवा वस्तुस्थिती उघडकीस आली, तर त्या शोधाशी थेट संबंध असलेला तेवढाच भाग पुराव्यात घेता येतो. पंचांसमक्ष होणारा निवेदन पंचनामा हा न्यायालयात नित्य परिचयाचा दस्तऐवज या कलमातूनच आला.

ही तरतूद जेम्स फिट्झजेम्स स्टीफन यांनी सिद्ध केलेल्या १८७२ च्या अधिनियमात आली असली, तरी ती मुळात १८६१ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत होती. तिच्यामागे कंपनी सरकारच्या अखेरच्या काळातील कटू अनुभव होता. मद्रास प्रांतातील छळाच्या तक्रारींची चौकशी करणाऱ्या आयोगाने १८५५ मध्ये सादर केलेल्या अहवालात महसूल आणि पोलिस कर्मचाऱ्यांकडून होणाऱ्या मारहाणीचे विदारक चित्र होते. परकीय सत्तेने आपल्याच पोलिसांवर दाखविलेला हा अविश्वास स्वतंत्र भारतानेही कायम ठेवला. त्यावर राज्यघटनेच्या अनुच्छेद २०(३) ची भर पडली. कोणाही आरोपीला स्वतःविरुद्ध साक्षीदार होण्याची सक्ती करता येत नाही, असे हा अनुच्छेद सांगतो.

पोलिस नसलेल्या व्यक्तीपुढे स्वेच्छेने दिलेली कबुली मात्र विचारात घेता येते. न्यायालये तिला दुर्बल पुरावा मानतात, पण ती सर्वस्वी बाद नसते. याचा अर्थ असा की, ब्योमकेशपुढे बसून एखाद्या खुन्याने दिलेल्या कबुलीला कायद्याच्या दृष्टीने काही मोल असू शकते. तीच कबुली, त्याच शब्दांत, पोलिस अधिकाऱ्यापुढे दिली की तिचे मोल शून्य होते. रहस्यकथेच्या संकेताने ही रेषा ओलांडली ती हेराच्या जागी पोलिस आला तेव्हा.

पोलिस नायकाचा उदय

पोलिस नायक पडद्यावर येण्यास मुंबईची पार्श्वभूमी मोठ्या प्रमाणात कारणीभूत झाली. १९७२ मध्ये सुरू झालेल्या दूरदर्शनच्या मुंबई केंद्रावर मराठीत 'एक शून्य शून्य' ही पोलिस तपासावरील मालिका झाली. तिचे नाव पोलिसांच्या १०० या दूरध्वनी क्रमांकावरून घेतलेले होते. बी. पी. सिंग यांनी दिग्दर्शित केलेल्या या मालिकेत शिवाजी साटम तपास अधिकाऱ्याच्या भूमिकेत होते. रमेश भाटकर यांची 'हॅलो इन्स्पेक्टर' ही मालिकाही मराठी प्रेक्षकांच्या स्मरणात आहे. दूरदर्शनवर याच सुमारास, १९८९ मध्ये, कविता चौधरी यांची 'उडान' आली. त्यांच्या ज्येष्ठ भगिनी, भारतीय पोलिस सेवेतील कांचन चौधरी भट्टाचार्य यांच्या जीवनावर ती आधारलेली होती. 'उडान'मध्ये पोलिस खाते हे नोकरीचे, संघर्षाचे आणि एका स्त्रीच्या स्वाभिमानाचे ठिकाण होते. ही वाट पुढे गुन्हेमालिकांनी फारशी धरली नाही.

२१ जानेवारी १९९८ रोजी सोनी वाहिनीवर सुरू झालेल्या 'सी.आय.डी.' या हिंदी मालिकेत सिंग आणि साटम ही जोडी पुन्हा एकत्र आली. ऑक्टोबर २०१८ पर्यंत, म्हणजे वीस वर्षांहून अधिक काळ, ती चालली. एसीपी प्रद्युम्न, अभिजीत, दया, फ्रेडरिक्स, डॉ. साळुंखे ही पात्रे घरोघरी पोहोचली. तंत्रावर सिंग यांची पकड किती होती हे २००४ मध्ये एकही कट न घेता चित्रित केलेल्या १११ मिनिटांच्या भागावरून दिसते. मालिकेला केवळ स्वस्त करमणूक ठरविणाऱ्यांनी तो अवश्य पाहावा.

कबुलीजबाबाच्या संकेताला या मालिकेत जे रूप आले ते पुढे प्रमाण ठरले. तपास प्रयोगशाळा, प्रेत, दूरध्वनीच्या नोंदी यांतून पुढे सरकतो. शेवटी संशयिताच्या कानशिलात बसते आणि तो बोलू लागतो. मग एसीपी त्याला आता फाशी होणार असे सुनावतो. या छोट्या दृश्यात चार संस्था लुप्त होतात. सरकारी वकील नाही, बचावाचा वकील नाही, साक्षीदार नाहीत आणि न्यायाधीशही नाही. बच्चनसिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्ये देहदंड केवळ दुर्मिळातल्या दुर्मीळ प्रकरणांपुरता मर्यादित केला होता. पडद्यावर मात्र सहायक आयुक्त दर्जाचा अधिकारी तो आठवड्याला एकदा फर्मावतो. 'दया, दरवाज़ा तोड़ दो' या वाक्यावर आज विनोद होतात. अटकेसाठी दार फोडण्यापूर्वी आपला अधिकार व हेतू सांगून प्रवेश मागावा, ही तत्कालीन फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ४७ मधील अट त्या विनोदातही कोणाला आठवत नाही.

या संकेताची कारणे केवळ विचारसरणीत शोधणे बरोबर होणार नाही. तासाभराच्या भागात, जाहिराती वजा जाता, गुन्हा आणि उलगडा दोन्ही बसवायचे असतात. खटला वर्षानुवर्षे चालतो. कबुलीजबाब एका फटक्यात गुन्हेगाराचे नाव सांगतो, गुन्हा प्रत्यक्ष दाखविण्याची संधी देतो आणि निर्दोषाला शिक्षा झाल्याची शंका उरू देत नाही. न्यायालयाचे नेपथ्य, वकिलांच्या भूमिका, दर भागाला नवे न्यायाधीश या सर्वांचा खर्चही वाचतो. निर्मात्याच्या दृष्टीने याहून सोयीचा शेवट नाही.

आणखी एक बाब लक्षणीय आहे. 'सी.आय.डी.'मधील प्रमुख अधिकारी प्रायः आडनावाविना वावरतात. जात आणि प्रांत यांचा उल्लेख टाळण्याचा तो मार्ग असावा. पोलिस दलात संख्येने बहुसंख्य असलेला शिपाई आणि हवालदार तर जवळजवळ नाहीच. दादा कोंडके यांच्या १९७५ च्या 'पांडू हवालदार' या चित्रपटाने मुंबईच्या रस्त्यावर 'पांडू' हा शब्द रूढ केला, त्यात टिंगल असली तरी शिपायाला निदान मध्यवर्ती स्थान होते. दूरचित्रवाणीने त्याला बंदोबस्ताच्या गर्दीत ढकलले. स्टेशन डायरी लिहिणारा, समन्स बजावणारा, मुद्देमाल सांभाळणारा आणि पंच शोधत फिरणारा माणूस गेला की तपासाचे कष्टही दिसेनासे होतात. मग थप्पड हीच तपासाची पद्धत वाटू लागते.

परदेशातील एक तुलना

अमेरिकेतील पोलिस मालिकेचा आद्य नमुना म्हणजे जॅक वेब यांची 'ड्रॅगनेट'. १९४९ मध्ये नभोवाणीवर आणि १९५१ पासून दूरचित्रवाणीवर आलेली ही मालिका लॉस एंजेलिस पोलिसांच्या सहकार्याने, त्यांच्या प्रकरणांवर आधारून केली जाई. तिने पोलिसांची प्रतिमा उजळविली हे उघड आहे आणि ती भाबडेपणाने पाहण्याचे कारण नाही. परंतु तिच्या शेवटी आरोपीवर कोठे खटला चालला आणि काय शिक्षा झाली हे निवेदक सांगत असे. प्रकरण न्यायालयात संपते, ही जाणीव त्या संकेतातच होती. १९६६ च्या मिरांडा निकालानंतर आरोपीला मौन पाळण्याचा व वकिलाचा हक्क सांगणे पोलिसांवर बंधनकारक झाले. हा इशारा १९६७ नंतरच्या 'ड्रॅगनेट'मध्ये आणि पुढच्या असंख्य मालिकांत इतक्यांदा ऐकू आला की तो सामान्य माणसाला पाठ झाला. हा इशारा राष्ट्रीय संस्कृतीचाच भाग बनला आहे, असे त्या देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने २००० मध्ये नमूद केले.

भारतात अशी संधी नव्हती असे नाही. डी. के. बसू प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९९६ मध्ये अटकेसंबंधी सविस्तर निर्देश दिले. अटकेचा पंचनामा करावा, त्यावर साक्षीदाराची सही असावी, नातेवाइकाला कळवावे, कोठडीत दर ४८ तासांनी वैद्यकीय तपासणी व्हावी, असे ते निर्देश आहेत. 'सी.आय.डी.' सुरू झाली ती त्यानंतर तेरा महिन्यांनी. अटकेचा पंचनामा हे एक उत्तम नाट्यमय दृश्य होऊ शकले असते, पण ते पडद्यावर क्वचितच आले.

उलट त्याच दशकात कायदाच काही प्रमाणात पडद्याच्या दिशेने सरकला. दहशतवादविरोधी 'टाडा' (१९८७) या कायद्याने पोलिस अधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्यापुढील कबुलीजबाब ग्राह्य ठरविला होता. तो कायदा १९९५ मध्ये संपुष्टात आला, तरी महाराष्ट्राने १९९९ मध्ये केलेल्या संघटित गुन्हेगारी नियंत्रण कायद्याच्या कलम १८ मध्ये तीच तरतूद पुन्हा आली. हे वर्ष मुंबईतील टोळ्यांच्या आणि पोलिस चकमकींच्या काळातले. मालिकेने कायदा घडविला असे म्हणण्यास आधार नाही. मात्र दोन्ही एकाच शहरात, एकाच भीतीच्या छायेत वाढले आणि दोघांनीही अधिकाऱ्याच्या शब्दाला न्यायालयाच्या जागी बसविले, हे दुर्लक्षिण्यासारखे नाही.

सत्यघटनांच्या मालिका

२००३ मध्ये सुरू झालेल्या 'क्राइम पेट्रोल'ने या संकेताला वेगळे वळण दिले. येथे निवेदक कलमे सांगतो, प्रकरण न्यायालयात कोणत्या टप्प्यावर आहे याचीही कधी नोंद होते. ही निश्चितच प्रगती होय. तथापि तपासाची उणीव दाखविण्याऐवजी निवेदन बहुतेक वेळा प्रेक्षकाला, विशेषतः स्त्रियांना व पालकांना, सावध राहण्याचे आवाहन करते. 'सतर्क' हा शब्द तर पुढे मालिकेच्या नावातच आला. त्यामुळे जबाबदारी पोलिस ठाण्याकडून घराच्या उंबरठ्याकडे सरकते. २०१९ मध्ये आंतरजालीय माध्यमावर आलेल्या 'दिल्ली क्राइम'मध्ये अपुऱ्या साधनांनी काम करणारे पोलिस ठाणे दिसले आणि वरिष्ठ स्त्री अधिकाऱ्याच्या दृष्टीतून तपासाचा थकवाही जाणवला. पण तो प्रेक्षकवर्ग वेगळा होता.

१ जुलै २०२४ पासून भारतीय पुरावा अधिनियमाची जागा भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ ने घेतली. कलम २५, २६ व २७ मधील तरतुदी त्यात कलम २३ मध्ये एकत्र आल्या आणि पोलिसांपुढील कबुलीजबाबावरील बंधन कायम राहिले. त्याच वर्षी २१ डिसेंबर रोजी 'सी.आय.डी.' नव्या पर्वासह वाहिनीवर परतली, तीच पात्रे आणि तोच परिचित शेवट घेऊन.