स्त्रीकरणाचे संप्रेरक उपचार आणि शरीराचे वजन : कोल्हापूर परिसराच्या संदर्भात एक ऐतिहासिक विचार

प्रस्तावना

वजन हा इतिहासाच्या अभ्यासकाचा विषय आहे काय, अशी शंका प्रस्तुत लेखाचे शीर्षक वाचून काही प्राध्यापक बंधुभगिनींच्या मनात येणे स्वाभाविक आहे. तथापि कोल्हापूरकरांना तरी हा विषय परका वाटू नये. राजर्षी शाहू महाराजांनी कुस्तीला राजाश्रय दिला, १९१२ मध्ये खासबागचे मैदान उभे राहिले, आणि गंगावेस, मोतीबाग, शाहूपुरी या तालमींमधून ‘शरीर कमावणे’ ही एक रीतसर विद्या बनली. किती जोर, किती बैठका, किती दूध-तूप, थंडाईत बदाम किती, अंग कोठे भरले आणि कोठे सुटले याचा हिशोब वस्तादाच्या डोक्यात पक्का असे. पुरुषदेह घडविण्याचे इतके तपशीलवार शास्त्र ज्या शहराने जपले, त्याच शहरात आणि परिसरात स्त्रीदेहाची ओढ घेऊन जगणाऱ्या व्यक्तींच्या शरीराचा हिशोब मात्र कोणीच ठेवला नाही. हा हिशोब का राहिला नाही, आणि आज संप्रेरक उपचार घेणाऱ्या पारलिंगी स्त्रियांना त्याची किंमत कशी मोजावी लागते, हा प्रस्तुत लेखाचा विषय होय.

परंपरेतील स्त्रीरूप

दक्षिण महाराष्ट्र आणि उत्तर कर्नाटक यांच्या सीमाभागात यल्लम्मा म्हणजेच रेणुका या देवतेच्या उपासनेत जोगतिणींबरोबर जोगते आढळतात. गळ्यात देवीचे दर्शन बांधलेला, लुगडे नेसलेला, डोक्यावर जग घेतलेला आणि चौंडक-तुणतुण्याच्या साथीने जोगवा मागणारा जोगत्या हे या भागाच्या परिचयाचे रूप आहे. प्रत्येक जोगत्या आजच्या अर्थाने पारलिंगी स्त्री असतो असे मानणे योग्य ठरणार नाही. काहींना कुटुंबाने नवसापोटी देवीला सोडले, काहींच्या डोक्यात जट आली म्हणून सोडले. मात्र पुरुष म्हणून जन्मलेल्या आणि स्वतःला स्त्री समजणाऱ्या व्यक्तीला गावगाड्यात जगण्यासाठी ही एक मान्य जागा होती, हे निःसंशय. डॉ. राजन गवस यांच्या ‘भंडारभोग’ या कादंबरीने आणि पुढे २००९ मधील ‘जोगवा’ या चित्रपटाने हे जग मराठी वाचक-प्रेक्षकांपुढे आणले.

या जगात स्त्रीरूप सिद्ध होत असे ते वस्त्राने, अलंकाराने, केसांनी, चालीने आणि नृत्याने. देहाच्या आत काही बदल घडविण्याचे साधन उपलब्ध नव्हते. हिजडा समाजात ‘निर्वाण’ म्हणजे पुरुषेंद्रिय काढून टाकण्याचा विधी होता. जोगत्यांच्या परंपरेत त्याचा आग्रह सहसा दिसत नाही. निर्वाणानंतर शरीरातील टेस्टोस्टेरॉन जवळजवळ नाहीसे होते, पण त्याची जागा घेणारे स्त्री-संप्रेरक बाहेरून मिळत नसे. परिणामी स्नायू घटतात, चरबी वाढते आणि कालांतराने हाडे ठिसूळ होतात. अंग सुटण्याचा हा प्रकार जुन्या काळी नशिबाचा भाग मानला गेला असल्यास नवल नाही.

आहाराचा विचार केल्यास सौंदत्तीच्या यात्रेनंतर कोल्हापुरात ओढ्यावरील रेणुकेच्या मंदिरी भरणारी आंबील यात्रा सर्वांना ज्ञात आहे. आंबील, घुगऱ्या, भाकरी, वांग्याची भाजी, मेथी, गाजर, कांद्याची पात असा हा नैवेद्य आहे. आहारशास्त्राच्या दृष्टीने तो उत्तम म्हणावा लागेल. पण यात्रेचा दिवस एक, आणि जोगव्याचे दिवस बाकीचे. परडीत जे पडेल ते खाणे, मिळेल तेव्हा खाणे, असा ज्यांचा दिनक्रम, त्यांच्यासाठी तालमीसारखा खुराक ठरविणारा वस्ताद कोणी नव्हता.

राज्यसंस्थेची दप्तरे

नोंद नव्हती असे म्हणताना एक खुलासा आवश्यक आहे. राज्यसंस्थेने या समाजांची नोंद केली, परंतु ती देहाच्या काळजीसाठी नव्हे. मराठी मुलखात काही हिजड्यांना वंशपरंपरागत हक्क व सनदी होत्या आणि एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर कंपनी सरकारच्या अधिकाऱ्यांनी त्या संपुष्टात आणण्याचा निर्णय घेतला. याचा अभ्यास लॉरेन्स प्रेस्टन यांनी १९८७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या लेखात केला आहे. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याच्या दुसऱ्या भागाने उत्तर हिंदुस्थानात तर हिजड्यांची रीतसर नोंदवही उघडली. नोंद झालेल्या व्यक्तीने स्त्रीवेषात सार्वजनिक जागी दिसणे हाच गुन्हा ठरला. कोल्हापूर संस्थान या कायद्याच्या कक्षेत नव्हते. येथे १९२० मध्ये शाहू महाराजांनी देवदासी-जोगतिणींच्या प्रथेविरुद्ध कायदा केला. स्वातंत्र्यानंतर कर्नाटकाने १९८२ मध्ये आणि महाराष्ट्राने २००५ मध्ये देवदासी प्रथा बंदीचे कायदे केले. या सुधारणांचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. मात्र मुलींना देवाला वाहण्याविरुद्धच्या या लढ्यात जोगत्या हा बहुधा कडेलाच उभा राहिला, आणि प्रथा गेल्यावर त्याने कोठे जावे याचे उत्तर त्याला स्वतःच शोधावे लागले.

संप्रेरकाचा प्रवास

या काळात युरोप-अमेरिकेत एक वेगळे पर्व सुरू झाले होते. १९२९ मध्ये अमेरिकेत एडवर्ड डॉइझी आणि जर्मनीत अडॉल्फ बुटेनांट यांनी स्वतंत्रपणे इस्ट्रोन हे स्त्री-संप्रेरक वेगळे केले. १९३८ मध्ये बर्लिनच्या शेरिंग कंपनीत एथिनिल इस्ट्रॅडिऑल हे तोंडावाटे घेता येणारे कृत्रिम संप्रेरक तयार झाले. १९५२ मध्ये ख्रिस्टीन जॉर्गेनसन या अमेरिकन स्त्रीवर डेन्मार्कमध्ये झालेल्या उपचारांची बातमी जगभर गाजली. १९६६ मध्ये हॅरी बेंजामिन यांचा या विषयावरील ग्रंथ आला, आणि १९७० च्या दशकापासून ॲमस्टरडॅम येथील रुग्णालयात अशा व्यक्तींच्या उपचारांच्या पद्धतशीर नोंदी ठेवल्या जाऊ लागल्या.

भारतात हे संप्रेरक पारलिंगी व्यक्तींपर्यंत पोहोचले ते रुग्णालयाच्या दारातून नव्हे. ते आले कुटुंबनियोजनाच्या वाटेने. हा योगायोग इतिहासाच्या दृष्टीने विलक्षण आहे. र. धों. कर्वे यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले तेव्हा त्यांना समाजाने वाळीत टाकल्यागत वागविले. पुढे तोच विचार १९५२ पासून शासनाचा अधिकृत कार्यक्रम झाला, आणि १९८० च्या दशकात ‘माला-डी’च्या पाकिटाची जाहिरात घरोघरी पोहोचली. या गोळीत ०.०३ मिलिग्रॅम एथिनिल इस्ट्रॅडिऑल आणि सोबत लेव्होनॉरजेस्ट्रेल असते. छाती भरते, त्वचा मऊ होते, ही माहिती गुरू-चेल्यांच्या तोंडून पसरली. औषधाच्या दुकानात चिठ्ठी न दाखविता मिळणारी, स्वस्त, कोणाला काही सांगावे न लागणारी वस्तू दुसरी कोणती होती? दिवसाला एका गोळीऐवजी चार, सहा अशा गोळ्या घेण्याची पद्धत त्यातून रूढ झाली. विवाहित स्त्रीसाठी सिद्ध केलेली मात्रा एका वेगळ्याच देहात, वेगळ्याच हेतूने, कोणाच्याही देखरेखीवाचून रिचविली गेली.

तेथूनच वजनाचा प्रश्न आजच्या स्वरूपात उभा राहिला. येथे थोडे वैद्यकीय विवेचन अपरिहार्य आहे. स्त्री-संप्रेरक दिल्यावर आणि टेस्टोस्टेरॉन दबल्यावर नितंब, मांड्या व छाती यांवर चरबी साठू लागते. हा बदल साधारणतः ३ ते ६ महिन्यांत जाणवू लागतो आणि पूर्ण होण्यास २ ते ३ वर्षे किंवा त्याहूनही अधिक काळ लागतो. त्याच काळात स्नायूंचे प्रमाण घटते. २०१७ मध्ये उपलब्ध अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला, त्यात पारलिंगी स्त्रियांचे वजन पहिल्या १२ महिन्यांत सरासरी १.८ किलोग्रॅमने वाढले, चरबी ३ किलोग्रॅमने वाढली आणि चरबीविरहित वजन २.४ किलोग्रॅमने घटले असे आढळले. (या वेगवेगळ्या अभ्यासगटांच्या सरासरी असल्याने त्यांची बेरीज तंतोतंत जुळत नाही.) या आकड्यांवरून दोन गोष्टी ध्यानात येतात. पहिली अशी की, तराजूचा काटा जेवढा हलतो त्याहून कितीतरी मोठी उलथापालथ देहाच्या आत झालेली असते. दुसरी अशी की, स्नायू घटल्याने शरीराची उष्मांकांची गरज कमी होते, पण भूक आणि ताट पूर्वीचेच राहते. जिने पंधराव्या वर्षापर्यंत तालमीत अंग मोडून मेहनत केली आणि पुढे मेहनत सोडून दिली, तिच्या बाबतीत हा फरक अधिकच ठळक होणार.

संसारी स्त्रीच्या संदर्भात ‘गोळीने अंग सुटते’ हा दुष्परिणाम मानला गेला. प्रत्यक्षात मिश्र गर्भनिरोधक गोळ्यांमुळे वजन लक्षणीय वाढते असे अभ्यासांतून सिद्ध झालेले नाही. पारलिंगी स्त्रीच्या संदर्भात मात्र ‘अंग भरणे’ हाच उपचाराचा एक हेतू असतो. एकच बदल एकीला तक्रार वाटते, दुसरीला यश. त्यामुळे कोणते वजन इष्ट आणि कोणते अनिष्ट, ही रेषा गोळ्या स्वतःच्या मनाने घेणारीला ओळखता येत नाही. नितंब भरावेत म्हणून मात्रा वाढवली जाते; प्रत्यक्षात मात्रा वाढविल्याने चरबी हवी तेथेच बसेल याची खात्री नसते, ती पोटावरही जमते. वाढतो तो मुख्यतः धोका. एथिनिल इस्ट्रॅडिऑलमुळे रक्तवाहिन्यांत गुठळ्या होण्याचा संभव कितीतरी पटींनी वाढतो हे ॲमस्टरडॅमच्या नोंदींतूनच पुढे आले. म्हणूनच आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे हे औषध या कामासाठी वापरू नये असे सांगतात आणि नैसर्गिक स्वरूपाचे इस्ट्रॅडिऑल, त्यासोबत स्पायरोनोलॅक्टोन किंवा सायप्रोटेरोनसारखे टेस्टोस्टेरॉनरोधक औषध, तेही रक्ततपासणीच्या आधाराने, सुचवितात. वजन वाढलेले असणे, धूम्रपान आणि ही गोळी या तिन्हींचा मेळ विशेष घातक होय.

८० की ९० सेंटिमीटर?

या चर्चेला महाराष्ट्रातील संशोधनाची जोड दिल्याशिवाय ती पुरी होणार नाही. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी भारतीय देह वरून कृश आणि आतून मेदयुक्त असतो हे दाखवून दिले. २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये त्यांनी ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांच्यासमवेत स्वतःचेच छायाचित्र छापले होते. दोघांचाही देहभार निर्देशांक २२.३, परंतु युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. या व अशा संशोधनामुळे भारतीयांसाठी देहभार निर्देशांकाची मर्यादा २५ ऐवजी २३ वर आणण्यात आली. कमरेच्या घेराची मर्यादा पुरुषांसाठी ९० आणि स्त्रियांसाठी ८० सेंटिमीटर मानली जाते.

आता पारलिंगी स्त्रीच्या कमरेभोवती फीत धरणाऱ्या परिचारिकेने कोणता आकडा घ्यावा? उपचार सुरू होऊन चार महिने झालेली आणि दहा वर्षे झालेली, या दोघींना एकच माप लावावे काय? हाडांचा सांगाडा पुरुषी घडणीचा राहतो, चरबीची मांडणी बदलत जाते. दोन्ही रकाने तिला पुरेसे लागू पडत नाहीत. ॲमस्टरडॅमचे आकडे तर युरोपीय देहांचे आहेत. त्यांच्या आतही याज्ञिकांनी दाखविलेला फरक दडलेला असणार. प्रस्तुत लेखकाच्या मते येथे कोणत्याही सर्वसाधारण मर्यादेपेक्षा त्या व्यक्तीचीच पहिली नोंद अधिक मोलाची ठरते. पहिली गोळी घेण्यापूर्वीचे वजन, कमरेचा व नितंबाचा घेर, रक्तदाब, साखर आणि चरबीचे रक्तातील प्रमाण हे लिहून ठेवावे, पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी व नंतर वर्षातून एकदोनदा पुन्हा पाहावे. नितंब वाढून कंबर स्थिर असेल तर वाढलेले किलो चिंतेचे नाहीत. कंबर वाढत असेल तर वजन स्थिर असूनही चिंता आहे.

उपाय गुंतागुंतीचे नाहीत. डाळ, उसळ, दूध, अंडी यांतून पुरेशी प्रथिने, आणि स्नायू टिकविण्यापुरता वजनांचा किंवा स्वतःच्या शरीरभाराचा व्यायाम एवढे पथ्य बहुतेकींना पुरते. येथे एक अडचण मात्र मानसिक आहे. व्यायाम म्हटला की दंड-बैठका, आणि दंड-बैठका म्हटल्या की पुरुषी खांदे, ही कोल्हापुरी समजूत पारलिंगी स्त्रीला आखाड्यापासूनच नव्हे तर व्यायामापासूनच दूर ठेवते. टेस्टोस्टेरॉन दबलेले असताना माफक व्यायामाने खांदे रुंदावत नाहीत, हे तिला कोणीतरी सांगितले पाहिजे. उपाशी राहून कंबर बारीक करण्याचा मार्ग तर अधिकच वाईट, कारण त्यात चरबीबरोबर स्नायू आणि हाडेही खर्ची पडतात.

कायद्याच्या बाजूने गेल्या दशकात बरीच हालचाल झाली. १५ एप्रिल २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ‘नालसा’ खटल्यात तृतीयपंथीयांच्या ओळखीला मान्यता दिली. २०१९ च्या कायद्याने संप्रेरक उपचारांची सोय आणि विम्याचे संरक्षण यांचा उल्लेख केला. ऑगस्ट २०२२ मध्ये आयुष्मान भारत योजनेत पारलिंगी व्यक्तींना वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण देण्याचा करार केंद्र शासनाच्या दोन यंत्रणांमध्ये झाला. तथापि दर तीन महिन्यांनी वजन-घेर-रक्त पाहणे ही बाह्यरुग्ण विभागातील कंटाळवाणी, स्वस्त आणि वर्षानुवर्षे चालणारी गोष्ट आहे, आणि विमा योजनांचा भर मुख्यतः दाखल होऊन घ्यावयाच्या उपचारांवर असतो. शस्त्रक्रियेसाठी कागद तयार होतो; तिच्या आधीची आणि नंतरची वीस वर्षे दुकानदाराच्या भरवशावर जातात. गडहिंग्लज किंवा चंदगडच्या एखाद्या खेड्यातून सौंदत्तीला जाणारी व्यक्ती आज मोबाईलवर औषधांची नावे वाचते आणि ती पाकिटे निपाणी वा कोल्हापुरात विकत घेते. तिचे पहिले वजन कोणत्याही वहीत लिहिलेले नसते.