काळी खिडकी

मंडळी, दोन महिन्यांपूर्वीची गोष्ट. रात्री साडेदहाला दाराची बेल वाजली. दारात आमच्याच इमारतीतला चिपळूणचा मुलगा, बगलेत लॅपटॉप. शारजातल्या एका छोट्या कंपनीत तो हिशेब बघतो.

"काका, उद्या दुपारपर्यंत फाईल बँकेत गेली नाही तर साठ माणसांचे पगार अडकतील!"

इथली पद्धत सांगायला हवी. अमिरातीत २००९ साली 'वेजेस प्रोटेक्शन सिस्टीम' आली. तेव्हापासून कामगारांचे पगार बँक किंवा एक्स्चेंजमार्फत जातात आणि कोणाला किती द्यायचे याची ठराविक साच्यातली फाईल कंपनीला द्यावी लागते. ती तयार करणारा पायथॉनचा छोटा प्रोग्रॅम जुना सहकारी मागे ठेवून गेला होता. ह्याने त्यावर डबल क्लिक केलं की काळी खिडकी उघडायची आणि पापणी लवायच्या आत गायब!

"अरे, ती काहीतरी सांगून पळतेय. आपण आधी खिडकी उघडू, मग काम सांगू." कमांड प्रॉम्प्ट उघडून त्याच्याकडूनच टाईप करून घेतलं. फाईल सापडत नाही, असं उत्तर आलं. येणारच! तो उभा होता एका फोल्डरमध्ये, प्रोग्रॅम दुसऱ्यात. चिपळूणच्या स्टँडवर उभं राहून "तिसऱ्या गल्लीतलं घर" म्हटलं तर खेडचं घर कसं सापडेल? 'सीडी' लिहून योग्य फोल्डरमध्ये गेलो. आता प्रोग्रॅम सुरू झाला, पण विचारू लागला, हजेरीची फाईल कोणती? डबल क्लिकमध्ये ते सांगायची सोयच नव्हती, म्हणून खिडकी पळत होती.

ही रीत जुनी आहे बरं का. लुई पूझँ नावाच्या फ्रेंच माणसाने एमआयटीत १९६३-६४च्या सुमारास 'रनकॉम' लिहिलं. रोज त्याच त्या आज्ञा टाईप करण्यापेक्षा त्या एका फाईलमध्ये लिहून ठेवायच्या आणि बदलणारी नावं चालवताना शेवटी द्यायची. आज्ञा वाचणाऱ्या प्रोग्रॅमला 'शेल' हे नावही त्याचंच. पुढे केन थॉम्प्सनने बेल लॅब्जमध्ये युनिक्ससाठी शेल लिहिला. युनिक्सच्या पहिल्या माहितीपुस्तकावर ३ नोव्हेंबर १९७१ ही तारीख आहे, आणि २ डिसेंबर १९७१ला अमिराती एक देश झाली. म्हणजे इथल्या काचेच्या मनोऱ्यांपेक्षा ही काळी खिडकी जुनी!

असो. त्याने शेवटी फाईलचं नाव लिहिलं, 'जुलै हजेरी'. पुन्हा सापडेना. आता त्याचा चेहरा रडवेला. मी म्हटलं, "माणसाला हे एक नाव वाटतं, शेलला दोन. रिकामी जागा आली की त्याच्या लेखी शब्द संपला." ही खोडही तेव्हापासूनची: आज्ञा आणि तिच्यापुढची नावं वेगळी ओळखायची ती मधल्या जागेवरून. नावाला अवतरणचिन्हं लावली, एंटर दाबलं. क्षणभर काहीच नाही. मग फोल्डरमध्ये नवी फाईल!

तो उठायला लागला. मी बसवलं. "नुसती फाईल आली म्हणजे पगार बरोबर झाला असं नाही. माणसं मोज, बेरीज ताळून बघ." साठाऐवजी एकोणसाठ निघाले. एकाच्या हजेरीत मधली ओळ रिकामी राहिली होती आणि प्रोग्रॅमने मुकाट्याने त्याला वगळलं होतं. ते नाव गेलं असतं तर? त्या माणसाच्या घरी पैसे पोचले नसते आणि काळ्या खिडकीने चकार शब्द काढला नसता.

जाताना त्याला कागदावर चार ओळी लिहून दिल्या: आधी खिडकी उघड, कुठे उभा आहेस ते बघ, नावाला अवतरणचिन्हं लाव, शेवटी माणसं मोज.

पुढच्या महिन्यात पगाराच्या आदल्या रात्री मी उगाचच जागा राहिलो. बेल वाजली नाही. बरं वाटलं.